निळ्या जाळीजवळचा कावळा

जपानी कावळा आपल्या कावळ्यापेक्षा चांगला दीडपट मोठा असतो, चोच तर अडकित्त्याएवढी, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लेक इतकी वर्षं तिथे राहते, रोज व्हिडिओ कॉल करते, चेरीची फुलं दाखवते, बर्फ दाखवते, पण कावळा काही तिनं कधी दाखवला नाही. त्यात दाखवायचं काय, असं तिचं म्हणणं. मला मात्र कावळ्याशीच काम होतं. खरं सांगायचं तर मी टोकियोला गेले ती मुळात त्याच्यासाठी.

हे गेले त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. दहाव्या दिवशी खाडीकाठच्या घाटावर पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. समोर पिंपळावर ढीगभर कावळे बसलेले. एखादा खाली उतरायचा, पिंडाभोवती फिरायचा, मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन बोलायला लागला. दीर म्हणाले, वहिनीला आम्ही अंतर देणार नाही. नणंद म्हणाली, दादा, तुझ्या पुस्तकांच्या कपाटाला कुणी हात लावणार नाही. मी म्हटलं, सोसायटीचं काम आता दुसरे बघतील, तुम्ही ते डोक्यातून काढा. काही उपयोग झाला नाही. ऊन वर चढलं, गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं, शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. शास्त्राप्रमाणे सगळं झालं. पण माझ्या घशात जे अडकलं ते अडकलंच.

घरी परतताना लेक रिक्षातून मागे खाडीकडे बघत होती. मग म्हणाली, "आई, बाबांना माझ्याकडे यायचं होतं. ते कुणीच बोललं नाही गं."

खरंच होतं. ह्यांना जपानचं वेड लागलं होतं. लेकीनं तिथल्याच मुलाशी लग्न केलं तेव्हा चार दिवस घुम्यासारखे बसले, आणि पाचव्या दिवशी ग्रंथालयातून जपानचा नकाशा घेऊन आले. तिनं आणलेल्या चॉपस्टिक्सनी पोहे खायची सवय लावून घेतली होती. एकेक शेंगदाणा चिमटीत धरायचे, पोहे गार व्हायचे, मी करवादायचे. "तिथे गेल्यावर फजिती नको," म्हणायचे. पण जाणं काही होईना. आधी नोकरी, मग गुडघा, मग छातीचं दुखणं. दरवेळी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. लेक संध्याकाळी सायकलवरून घरी येताना नदीच्या बांधावर थांबून फोन करायची आणि कॅमेरा फिरवून ते रुंद संथ पाणी दाखवायची. हे फोन अगदी नाकाशी धरून बघत बसायचे. गेल्यानंतर चष्म्याच्या डबीत त्या चॉपस्टिक्स सापडल्या.

तेव्हा मी मनाशी ठरवलं. पुढच्या पितृपक्षात ह्यांच्या तिथीचं पान जपानात ठेवायचं. तिथे तरी कावळा शिवेल. श्राद्ध वगैरे काही करायचं नव्हतं, माझा तेवढा अधिकारही नाही आणि सोसही नाही. नुसतं पान. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी, आणि त्यांना आवडायचं ते कारलं. बॅगेत पत्रावळी घेतल्या, साड्यांच्या घडीत, चुरगळू नयेत म्हणून. लेकीला यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, तिथे गेल्यावर बघू.

टोकियोच्या एदोगावा भागात लेकीचं घर एका गल्लीत आहे. गल्ली इतकी अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं उतरायचं. दोन्ही बाजूंना घरं, घरांपुढे कुंड्याच कुंड्या, आणि आवाज नाही. ऑगस्ट संपत आलेला. झाडांत कसले तरी किडे दिवसभर किर्र करत असायचे, त्या आवाजात ऊन विरघळल्यासारखं वाटायचं. माझी झोप उडालेली होती. पहाटे चारलाच डोळे उघडायचे, आणि तिथे तर साडेचारलाच उजाडायला लागतं. मी गॅलरीत जाऊन उभी राहायची. समोरच्या घराच्या पायरीवर कुणाची तरी छत्री, कोपऱ्यावर शीतपेयांचं ते मशीन, त्याचा पांढरा उजेड, आणि नदीकडून येणारं थोडंसं धुकं. मी जागी आहे की नाही हेच कळायचं नाही. ठाण्याचं घर कुलूप लावून आले आहे हेसुद्धा आठवावं लागायचं. कधी वाटायचं, हे आत अंघोळीला गेलेत आणि आता चहा मागतील.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मी घोळ घातला. सवयीचा घोळ. घरी मी रोज जेवायच्या आधी खिडकीच्या कठड्यावर एक घास ठेवते, माझ्या सासूबाई ठेवायच्या म्हणून. तसाच तिथे गॅलरीच्या कठड्यावर भात ठेवला. हात मागे घेते न घेते तोच सपकन एक कावळा उतरला, काळाभोर, निळी झाक असलेला. भात गेला. मी दारातच उभी. मनात म्हटलं, बाई गं, इथे किती सोपं आहे. तिथे घाटावर आम्ही ताटकळलो, आणि इथे बोलवायचीसुद्धा गरज नाही. त्या दिवशी मला किती दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

मग रोजच ठेवायला लागले. एकाचे तीन झाले, तिनाचे मी मोजलेही नाहीत.

आठवड्याभरानं कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्या फुटलेल्या सापडल्या. तिथे गल्लीतल्या सगळ्या घरांचा जाळायचा कचरा ठरलेल्या सकाळी एका जागी ठेवतात आणि त्यावर निळी जाळी पांघरतात. जाळी कशाला, तर कावळ्यांसाठी. त्या दिवशी जाळी ओढून बाजूला टाकलेली, माशांची हाडं, अंड्यांची टरफलं, चहाच्या पुरचुंड्या, सगळी रांगोळी गल्लीभर. कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा वाकून झाडत होते. ऐंशीच्या पुढचे, ताठ, डोक्यावर कापडी टोपी, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. त्यांनी आमच्या गॅलरीकडे एकदा पाहिलं. कठड्यावर एक कावळा निवांत बसला होता, आपलंच घर असल्यासारखा. आजोबांनी मला वाकून नमस्कार केला आणि पुन्हा झाडायला लागले.

ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. आपल्याकडे कुणीतरी खालून ओरडलं असतं, मीही वरून दोन शब्द सुनावले असते, संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. इथे नुसता खराट्याचा आवाज. मी आत येऊन बसले ती माझे कान तापलेले.

लेकीनं कपाळाला हात लावला. "आई, इथे कावळ्यांना घालत नाहीत. एकदा सवय लागली की सगळ्या गल्लीला त्रास. मी सांगायलाच विसरले, मला वाटलंच नाही तू..." ती संध्याकाळी बिस्किटांचा खोका घेऊन आजोबांकडे जाऊन वाकून आली. मलाही नेलं. मी पण वाकले. आजोबा म्हणाले, ठाण्याचे आणि इथले कावळे एकमेकांना ओळखत असतील, पाहुण्यांना सगळेच भेटायला येतात. लेकीनं मला हे मराठीत सांगितलं तेव्हा मी हसले, पण खजील होऊन.

तिथे गल्लीतल्या घरांनी आठवडे वाटून घेतलेत. ज्याचा आठवडा त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते. त्यानं सकाळी जाळी अंथरायची, गाडी कचरा घेऊन गेली की जागा झाडायची, पाणी मारायचं, जाळी घडी करून ठेवायची, आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला नेऊन लावायची. सप्टेंबरात पाटी आमच्या दाराला आली. लेक आणि जावई दोघंही सकाळी ट्रेन पकडायच्या घाईत. मी म्हटलं, आण इकडे, हे मी करते. लेक म्हणाली, तू पाहुणी आहेस. मी म्हटलं, पाहुणीनंच घाण केलीय ना, मग.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडलं. सकाळी सहाला खाली उतरायचं. हवा जरा हलकी झालेली. कुणी पिशवी घेऊन आलं की वाकायचं, मी वाकले की ते वाकणार, ते वाकले की मी पुन्हा, कंबरेचा व्यायाम आपोआप. आजोबांनी पहिल्याच दिवशी खुणेनं दाखवलं की जाळीची कडा पिशव्यांखाली दुमडायची आणि वर पाणी भरलेल्या बाटल्या ठेवायच्या. गाडी गेल्यावर मी असा खराटा मारायची की पाटी लटकवायची गरजच नाही, जमिनीवरूनच कळेल आठवडा कुणाचा. आणि सारखं हेच मनात यायचं की हे असते तर. आमच्या सोसायटीत ओला कचरा, सुका कचरा करता करता ह्यांचा घसा बसला होता. लिफ्टमध्ये स्वतःच्या हातानं सूचना लिहून लावायचे आणि मी वाचून हसायची. पहाटे फिरायला गेलो, रस्त्यात कुत्रं नाही, तरी लाल दिव्याला उभे. मी पलीकडे पोचून वाट बघत राहायची. हा माणूस एदोगावात आला असता तर जाळी बघून डोळ्यांत पाणी आणलं असतं त्यानं.

आणि तिथीही नेमकी त्याच आठवड्यात आली. म्हणजे बघा. ज्या आठवड्यात मला ह्यांच्यासाठी कावळा बोलवायचा, त्याच आठवड्यात कावळे हाकलायचं काम माझ्याकडे.

मी लेकीला शेवटी सांगितलं. पत्रावळी दाखवल्या. ती त्यावरून हात फिरवत बसली. मग हळूच म्हणाली, "गॅलरीत नको गं आई."

"एक दिवस. एकच दिवस. पाच मिनिटांचं काम आहे, ते कावळे तर टपूनच बसलेत."

"आपला आठवडा आहे. आजोबांच्या दारासमोर परत पिशव्या फुटल्या तर मी काय सांगू?"

"मग तुझ्या बाबांनी उपाशी राहायचं?"

हे मी फार जोरात बोलले. जावई आतून बाहेर आला. त्याला मराठीतलं 'बस झालं' आणि 'अजून वाढा' एवढंच येतं, पण भांडण कळायला भाषा लागत नाही. त्यानं तीन कप चहा केला आणि आमच्यामध्ये आणून ठेवला. लेक रडत होती. मला तिचा राग आला होता, आणि तिचं खरं होतं म्हणून जास्तच आला होता. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबणाऱ्या माणसाचीच ती मुलगी.

रात्रभर घोळत राहिलं. नदीवर नेऊन ठेवलं तर? कोनबिनीच्या, म्हणजे त्या चोवीस तास उघड्या दुकानाच्या, मागे? चोरून ठेवलेलं पान ह्यांना गोड लागलं असतं का, हाही प्रश्नच. पहाटे जाळी अंथरायला उतरले तेव्हा डोकं जड झालेलं. गल्लीत धुकं होतं. विजेच्या तारेवर तोच निळी झाक असलेला कावळा बसला होता, माझ्याकडे बघत. मी जाळीची कडा दुमडली, बाटल्या ठेवल्या, आणि मग मला राहवलं नाही. मी त्याला हात जोडले. "रागावू नका," म्हटलं. "तुम्हाला इथे बोलावून घेतलं आणि आता दाराशी जाळी टाकून बसलेय. काय करू सांगा."

वळले तर आजोबा मागे उभे, हातात पिशवी. किती वेळ उभे होते देव जाणे. मी पदर सावरला. ते वाकले, मी वाकले, त्यांनी पिशवी जाळीखाली सरकवली आणि गेले. माझी तर अशी अवस्था की पायाखालची जमीन दुभंगावी. जिनं कावळे हाकलायचे ती बाई भल्या पहाटे कावळ्याला नमस्कार करतेय.

संध्याकाळी ते आले. पाच वाजता तिथे मुलांना घरी पाठवायला कर्ण्यातून एक हळवी धून वाजते, ती नुकतीच थांबली होती. दारातच उभे राहिले, आत येईनात. लेकीशी बराच वेळ बोलले, अगदी हळू, मध्येच हवेचं, मध्येच गॅलरीतल्या तुळशीचं. तिकडचे लोक मुद्द्याला असे येतात की आले कधी ते कळत नाही. मग लेक माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, ते विचारतायत, त्या पक्ष्याशी तुझं काही नातं आहे का."

मी म्हटलं, सांगून टाक सगळं. तिनं सांगितलं. घाट, दर्भाचा कावळा, चॉपस्टिक्स, पत्रावळी. सांगता सांगता तिचा आवाज दोनदा फुटला. आजोबा टोपी हातात घेऊन ऐकत होते. ऐकून झाल्यावर वाकले आणि गेले. मला वाटलं, झालं, वेडी ठरलो आपण.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. या दिवसांत आमच्याकडेही माणसं आपल्या गेलेल्यांना भेटायला जातात, म्हणाले. दिवस-रात्र सारखे होण्याचा हा आठवडा, त्यात कधीही गेलं तरी चालतं. मला बायकोकडे जायचंच आहे. तुमचा जो दिवस, तोच माझा दिवस करू. पान घेऊन या. तिथे ठेवता येईल. मात्र तिथलाही नियम आहे, ठेवलेलं परत न्यायचं. आणि मग जरा थांबून म्हणाले की परत नेलेलं आम्ही स्वतःच खातो, तिच्याबरोबर जेवल्यासारखं होतं.

मी लेकीला म्हटलं, त्यांना सांग, आमच्यात तसं चालत नाही. त्या पानातलं आपण खायचं नसतं. लेक म्हणाली, सांगू? मी तिच्याकडे बघितलं, आजोबांच्या हातातल्या टोपीकडे बघितलं. म्हटलं, राहू दे. येतो म्हणून सांग.

तिथीच्या दिवशी पहाटे उठून स्वयंपाक केला. भोपळा तिथला, हिरव्या सालीचा, शिजला की रताळ्यासारखा गोड. कारलं मिळालं, आमसुलं माझ्याकडची. वड्यांचं पीठ मी ठाण्याहून आणलं होतं. लेकीनं ऑफिसला सुट्टी टाकली आणि माझ्या शेजारी उभी राहून वडे थापले. तिचे वडे तिच्या बाबांसारखे, मधलं भोक नेमकं मध्यावर. सगळं स्टीलच्या डब्यात भरलं. ह्यांचाच ऑफिसचा डबा तो, लेकीनं पहिल्यांदा जाताना मागून नेलेला.

बसनं गेलो. आजोबा गडद कोटात, मांडीवर फुलं आणि एक छोटा खोका. मी खिडकीशी. नदी ओलांडताना बस अगदी सावकाश गेली. तेच पाणी, जे आम्ही दोघं फोन नाकाशी धरून बघायचो. बांधाच्या उतारावर लाल फुलं उगवली होती, पानं नाहीत, नुसते देठ आणि वर ती लाल जाळीसारखी फुलं. ती याच आठवड्यात येतात म्हणे, दरवर्षी, न चुकता. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. लेक मुद्दाम मागे बसली होती की तशीच बसली होती, मी विचारलं नाही. मी पिशवी त्या जागेवर ठेवली नाही, मांडीवरच धरली.

देवळामागे समाधीच्या दगडांची दाटी, पण स्वच्छ, मध्ये पायवाटा. सगळीकडे उदबत्तीचा धूर जमिनीलगत रेंगाळत होता, माणसं बादल्या आणि लाकडी पळ्या घेऊन हळूहळू फिरत होती, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आजोबांनी बायकोच्या दगडावर पळीनं पाणी घातलं, हातानं पुसलं, फुलं ठेवली. आपण देवाला अंघोळ घालतो ना, अगदी तसं. मग खोका उघडला. आत भाताचे गोळे, बाहेरून लाल दाण्याच्या गोड पुरणात घोळवलेले. मी मनात म्हटलं, पुरण ते पुरणच. वाटेच्या कडेला पाटी होती, तिच्यावर कावळ्याचं चित्र आणि जपानीत काहीतरी. वाचायची गरज नव्हती.

आजोबांनी दगडापुढच्या पायरीवर थोडी जागा केली आणि हातानं दाखवलं, इथे. लेक म्हणाली, "ते म्हणतायत, तिला पाहुणे आले की आनंद व्हायचा. तिच्या शेजारी ठेवा."

मी पत्रावळ मांडली. भात, त्यावर वरण, तूप. वडे, खीर द्रोणात, चटणी, भाजी, कारलं. सगळ्यात शेवटी पर्समधून त्या चॉपस्टिक्स काढल्या आणि पानाच्या उजव्या बाजूला ठेवल्या. लेकीला मी त्या आणल्याचं माहीत नव्हतं. तिनं तोंडावर हात दाबला.

मी हात जोडून डोळे मिटले. एवढंच म्हटलं, "आलात ना शेवटी. बघून घ्या."

डोळे उघडले तर तो समोर. पायरीच्या टोकाला, पानापासून हातभर. निळी झाक असलेला. तोच म्हणत नाही मी, तिथले सगळेच तसे दिसतात. एक पाऊल टाकलं, मान वाकडी केली, वड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. घाटावर सकाळभर ज्याच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता, ते आता एका पावलावर होतं. मी हललेही नसते तर झालं असतं. आजोबा दगडाकडे तोंड करून उभे होते, मुद्दाम असतील. ते वळले नसते, कधी बोललेही नसते, आणि उद्या सकाळी खराटा घेऊन कुणाच्या तरी दारासमोर उभे असते.

कावळ्यानं चोच पुढे केली, आणि मी माझा हात पानावर आडवा धरला.

"अहो, इथे नाही," मी म्हटलं. "इथे चालत नाही. पाटी आहे बघा."

तो थांबला. आयुष्यभर मला हेच ऐकवत आला माणूस, दिवा लाल आहे, पाटी वाच, रांग इकडून आहे. आणि आज मी त्यांना सांगत होते. कावळ्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग मागे सरकला आणि शेजारच्या दगडावर जाऊन पंख मिटून बसला. रागावून उडाला नाही. नुसता बसला, आपला नंबर यायची वाट बघत असल्यासारखा.

"ऐकलं गं बाबांनी," लेक म्हणाली. ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

आजोबांनी विचारलं, काय म्हणाल्या त्या? तिनं सांगितलं. मग त्यांनी टोपी काढली, शेजारच्या दगडावर बसलेल्या त्या कावळ्याकडे वळले, आणि कंबरेतून खोल वाकले. गल्लीत मला वाकत असत तसेच. बराच वेळ वर आलेच नाहीत.

आम्ही तिघं तिथल्या बाकावर बसलो. आजोबांनी मला भाताचा गोळा दिला, मी त्यांना वडा. मी त्यांच्या हातात ह्यांच्या चॉपस्टिक्स ठेवल्या, त्यांनी वडा पहिल्याच झटक्यात उचलला, आणि मला ते पोहे आठवले, तो एकेक शेंगदाणा. त्यांनी दुसरा वडा स्वतः मागितला. लेकीला म्हणाले, तुझे वडील भाग्यवान.

मग मी पत्रावळ मांडीवर घेतली. खीर कमी गोडाची, ह्यांना लागायची तशी. मी पहिला घास तोंडात घातला, चावला आणि गिळला. घशात काही अडकलं नाही.